साडी न कापता गोधडी, उरल्या काठांचं तोरण

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने साडी सोडून ड्रेस धरला. एका दिवसात कपाटातल्या तीसेक सुती साड्या पोरक्या झाल्या. बोहारणीला द्यायला तिचा जीव होईना, कारण दोन इरकली देऊन एक स्टीलचं पातेलं घेणं हा तिच्या मते दरोडा होता. घरात नेसणारं कुणी नाही. गोधडी शिवते म्हटलं, तर तिची अट एकच: "कात्री लावायची नाही."

गोधडी म्हणजे तुकडे आणि ठिगळं, हेच माझ्या डोक्यात होतं. मग आजीची एक विरलेली वाकळ उसवून पाहिली (आमच्या सांगलीकडे गोधडीला वाकळच म्हणतात), तर आत एक अख्खं लुगडं निघालं, नीट घडी घालून निजवलेलं. तेव्हापासून मी याच पद्धतीने शिवते आणि पहिल्यांदा सुई धरणाऱ्यांनाही हीच सांगते. कापाकाप नाही, म्हणजे चुकायला जागा कमी. उद्या मन बदललं तर दोरे उसवून साडी परत मिळते. सुईची भोकं तेवढी राहतात.

थंडीची आखणी संक्रांतीपासून उलटी करा. संक्रांत १४ जानेवारीला, कधी १५ला. गोधडी नोव्हेंबर संपायच्या आत धरायची आणि रोज अर्धा तास शिवायची. त्यातून निघालेल्या काठांचं तोरण डिसेंबरातल्या एखाद्या शनिवार-रविवारी होतं. घरात बोरन्हाणाचं बाळ असेल तर काळं झबलं एका दुपारचं काम. हलव्याचे दागिने मात्र शेवटच्या चार दिवसांत, त्याआधी नाही. का, ते पुढे येईलच.

साड्या निवडताना

दोन सुती साड्या लागतात. एक बाहेरची: धड, आवडती, जिच्यावर हात फिरवावासा वाटेल अशी. दुसरी पोटातली: विरलेली, डागाळलेली, फाटकी चालेल. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. हिशोबाला ११५ सेंटिमीटर धरू. साडेपाच मीटरच्या तीन सारख्या घड्या घातल्या की प्रत्येक घडी १८० सेंटिमीटरची पडते. म्हणजे एका साडीचे तीन थर, दोन साड्यांचे सहा, आणि गोधडी ११५ बाय १८०. दोघांना पुरणार नाही, पण एका माणसाला किंवा पायांवर घेऊन चहा पीत बसायला छान. सहाच्या वर थर घालायचा मोह टाळा. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांच्या मधे अडकलेल्या हवेची असते, आणि सातव्या थराला नवशिक्याची सुई अडते.

रेशमी साडी पहिल्या गोधडीला नकोच. जुनं रेशीम घडीवर जिरतं. दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणून बघा. चर्रकन आवाज आला तर ती साडी आता सुई सोसणार नाही. तिला मलमलच्या कपड्यात गुंडाळून परत कपाटात ठेवा.

दोन्ही साड्या धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्या. खळ असेल तर दोनदा धुवा, खळीच्या कापडात सुई कुरकुरते. रंगाची परीक्षा चुकवू नका: पांढरा फडका ओला करून काठाच्या कोपऱ्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. फडक्यावर रंग उतरला तर ती साडी पोटातही घालायची नाही. मी एकदा बाजारातून आणलेला लाल तुकडा हौसेने मधोमध लावला, परीक्षा न करता. पहिल्याच धुण्यात फिक्या पिवळ्या इरकलीवर गुलाबी ढग उठले. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो म्हणतात. माझा नाही झाला.

सामान

मोठ्या नेढ्याची, लांब, मध्यम जाडीची सुई. दाभण नको, त्याने सुती कापडाला भोकं पडतात. दोरा क्रोशाचा किंवा गोधडीचा जाड सुती. शिलाई मशीनचा दोरा महिन्याभरात तुटायला लागतो. या मापाला शंभरेक मीटर दोरा जातो, एकदाच घ्या, नंतर तीच छटा मिळत नाही. पुण्यात असाल तर रविवार पेठेत दोरा, लेस, मणी एकाच फेरीत होतं. मेणाचा एक खडा आणि मधल्या बोटाला अंगुस्तान. अंगुस्तान पहिले दोन दिवस लोढणं वाटतं, तिसऱ्या दिवशी ते नसलं की सुई हातात धरवत नाही.

आधी पोटातल्या साडीचे दोन्ही काठ उसवून किंवा कापून वेगळे काढा. इथे आईने कात्रीची परवानगी दिली, साडी फाटकीच होती म्हणून. काठ काढल्याने पोटातली साडी दोन्ही बाजूंनी चार-आठ बोटं अरुंद होते आणि गोधडीच्या कडेला जाडी येत नाही. कडेला सहा काठ एकावर एक आले तर सुई मोडते, हा अनुभव मी तुमच्या वतीने घेतलेला आहे. काढलेले काठ गुंडाळून ठेवा, त्यांचंच तोरण करायचंय.

मांडणी

फरशी पुसून कोरडी करा. बाहेरची साडी लांबच लांब, सुलट बाजू फरशीकडे करून अंथरा. मनात तिचे तीन भाग करा: पदराचा, मधला आणि आतल्या टोकाचा. आतल्या टोकाचा भाग उचलून मधल्यावर दुमडा. आता मधल्या जागी दोन थर झाले आणि पदर मोकळा पसरलेला आहे. पोटातली साडी तीन पदरी घडी करून त्या दोन थरांवर ठेवा, दोन्ही कडांना सारखी जागा सुटेल अशी. शेवटी पदर उचलून सगळ्यावर पांघरा. वर पदराची सुलट बाजू, खाली मधल्या भागाची सुलट बाजू, आणि फाटकं सगळं पोटात.

प्रत्येक थर घालताना तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत जा. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. आमच्याकडे वरवंटा आणि डाळीचे तीन डबे असतात. हे काम दोघांनी करा आणि घरातली लहान मुलं शाळेत असताना करा, कारण अंथरलेली गोधडी दिसली की त्यावर लोळलंच पाहिजे असा नियम आहे.

मग कच्चा दोरा. शिवणाच्या साध्या दोऱ्याने, मधल्या बिंदूपासून कडेकडे, चारी दिशांना, वीतभर अंतरावर लांब लांब टाके. हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. मधून बाहेर टाचलं की हवा आणि चुणी दोन्ही कडेने निघून जातात. टाचलं नाही तर पुढचा महिनाभर तुम्ही ती चुणी मधे ढकलत राहाल, आणि शेवटी गोधडीच्या पोटात एक टेंगूळ उरेल.

धावदोरा

आता खरं शिवण. टाका एकच, धावदोरा. कडेपासून एक बोट आत, एका कोपऱ्यातून सुरू करायचं, चारी बाजूंनी फिरून परत त्याच कोपऱ्याशी यायचं, मग दोन बोटं आत सरकून पुढचा चौकोन. असे चौकोनात चौकोन मधापर्यंत जातात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात ती अशीच, कडेकडून आत. त्यांच्या कवंदीच्या चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घातलेली त्रिकोणी 'फुला' असतात. मी ते पाहिल्यापासून माझ्या गोधडीच्या एका कोपऱ्यात एक त्रिकोण घालते. चार घालण्याइतका धीर नाही.

दोरा खांद्यापासून बोटांपर्यंत हाताएवढाच घ्या. वेळ वाचेल म्हणून लांब घेतला की गुंता सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. मेणावरून एकदा ओढा. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला, थोड्या अंतरावर बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ टक्कन आत शिरते आणि दिसत नाही. संपताना उलट: दोन बारीक टाके जागच्या जागी घ्यायचे आणि उरलेला शेपूट थरांमध्ये पळवायचा.

टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. पहिल्या दिवशी तो भुईमुगाच्या दाण्याएवढा येईल, येऊ दे. मी एकेक टाका घेत, सुई वर-खाली करत बसले होते तेव्हा आजी म्हणाली होती, "सुई न्हाई चालवायची गं, कापड चालवायचं." उजवा हात जवळजवळ स्थिर ठेवायचा, सुईचं टोक किंचित वर-खाली डोलवायचं आणि डाव्या हाताने कापड तिच्यावर चढवत जायचं. तीन-चार टाके सुईवर जमले की अंगुस्तानाने रेटायचं आणि दोरा ओढायचा. हे एकदा हाताला कळलं की वेग तिपटीने वाढतो. डावा हात गोधडीच्या खाली राहू द्या. सुईचं टोक प्रत्येक टाक्याला त्या बोटाला हलकं टोचलं पाहिजे, तेव्हाच सहाव्या थरापर्यंत टाका पोचलाय हे समजतं. बोट खरखरीत होतं. रात्री खोबरेल तेल लावा.

दोरा ताणू नका. ताणलेल्या ओळीने गोधडी आकसते आणि कडा बशीसारख्या वळतात. किंचित सैल ठेवलेल्या टाक्यांनी पहिल्या धुण्यानंतर जे बारीक बारीक फुगवटे येतात, तीच गोधडीची ओळख.

हिशोब सांगते म्हणजे घाबरायला होणार नाही. या मापात दोन बोटांच्या, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटरच्या अंतराने शिवलं तर एकूण सत्तर मीटरच्या आसपास धावदोरा होतो. हात बसल्यावर तासाला तीन मीटर जमतं. म्हणजे तेवीस-चोवीस तास, रोज अर्धा तास धरला तर दीड महिना. नोव्हेंबर संपायच्या आत सुरू केलं की संक्रांतीला पायांवर येते. एका रविवारी सहा तास बसून उरकायला जाल तर मनगट धरेल, आणि मग गोधडी माळ्यावर जाईल. माझी पहिली गेली होती.

मशीनवर होत नाही का, असं सगळे विचारतात. होतं. पण सहा मऊ थर दाबपट्टीखाली एकमेकांवरून सरकतात, आणि टीप इतकी आवळ बसते की गोधडी चटईसारखी ताठ होते. पहिली हाताने शिवा, नंतर काय ते ठरवा.

मध्यावर पोचल्यावर चुणी उरलीच असेल तर तिच्याशी भांडू नका. एका बाजूला दुमडून त्यावरूनच शिवून टाका. मग कच्चे दोरे काढा आणि एक दिवस उन्हात टाका.

तोरण

आता ते काठ. दाराच्या चौकटीची आतली रुंदी मोजा. ९० सेंटिमीटर धरून सांगते. काठ ८ सेंटिमीटर रुंद असेल तर पट्टीसाठी ९४ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर आत दुमडायला. पानांसाठी १३ सेंटिमीटरचे अकरा तुकडे. म्हणजे सगळं मिळून अडीच मीटरला कमीच, एकाच काठात भागतं. पाठीला जुन्या चादरीचं जाडसर सुती कापड.

पुठ्ठ्यावर आंब्याच्या पानाचा साचा काढा: ६ सेंटिमीटर रुंद, ११ लांब, खाली टोकदार, वर सपाट. काठाचा तुकडा आणि पाठीचं कापड सुलटीला सुलट ठेवून साच्याच्या रेषेवर शिवा, वरची सपाट बाजू उघडी सोडा. हाताने शिवत असाल तर उलटी टीप घाला, धावदोऱ्याने पान उलटवताना टाके उघडतात. टोकाशी जादा कापड छाटा, पण टाक्याच्या अगदी जवळ कात्री नेऊ नका. पान उलटून टोपण लावलेल्या बॉलपेनने टोक हळूच बाहेर ढकला. इस्त्री करताना वर सुती फडका ठेवा. हल्लीची बरीचशी जरतार प्लॅस्टिकची असते, थेट इस्त्रीने ती आक्रसते आणि पान केळीच्या सालीसारखं वळतं.

अकरा पानांची रुंदी झाली ६६ सेंटिमीटर. उरलेले २४ दहा फटींत वाटले की दोन पानांत नेमके २.४ सेंटिमीटर येतात. पट्टी आणि तिचं अस्तर यांच्या मधे पानांची उघडी तोंडं सरकवा, टाचण्या लावा, दारात धरून लांबून बघा, मगच शिवा. वर तीन फासे: दोन टोकांना, एक मधे. मधला विसरलात तर तोरण पोट काढतं.

काठाऐवजी खणाचं तोरण करायचं असेल तर खणाच्या उलट बाजूला आधी फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवून घ्या. खणाचे धागे कापल्या कापल्या सुटतात. नुसता शिवलेला खण दुसऱ्या संक्रांतीपर्यंत टिकत नाही.

माझ्या तोरणाच्या काठावर एका जागी हळदीचा जुना डाग होता. तो भाग वगळून मी साचा ठेवत होते, तर आई म्हणाली, "तोच घे. दादाच्या मुंजीच्या आदल्या रात्रीचा आहे. पुरण घाटताना पदर खोचला नव्हता." ते पान मधोमध लावलं आणि त्याच्या पाठीवर देठटाक्याने 'मुंज' एवढंच लिहिलं. तुम्हालाही असं काही लिहायचं असेल तर पान शिवायच्या आधी, कापड सपाट असतानाच लिहा. शिवून झाल्यावर सुई दोन्ही थरांतून जाते आणि अक्षरं पुढच्या बाजूला उलटी उमटतात.

झबलं आणि हलवा

झबल्याला वेगळा साचा लागत नाही. बाळाचं नीट बसणारं झबलं कागदावर ठेवा, भोवती दीड सेंटिमीटर सोडून रेघ मारा, काळ्या मऊ सुती कापडावर कापा. पुढून उघडं ठेवा आणि बटणांऐवजी कापडी बंद लावा, म्हणजे रडणाऱ्या बाळाला डोक्यावरून काही घालावं लागत नाही. काळ्यावर काळा दोरा दिव्याखाली दिसत नाही. हे काम दिवसाउजेडी, खिडकीत.

हलव्याचे दागिने शेवटी, कारण साखरेला हवा लागते. मुंबई-कोकणात तर दोन दिवसांत हलवा पाणी धरतो. काटेरी हलवा घ्या, गुळगुळीत नको. काट्यांत दोरा अडकतो, घसरत नाही. हलव्याला सुईने भोक पाडायला जाऊ नका, फुटतो. काळा दोरा दुहेरी घ्या, दोन पदरांच्या मधे एक दाणा धरा, पुढे गाठ मारा, गाठीला लागून दुसरा दाणा. बाळाच्या हाराला सजवलेला भाग ३० सेंटिमीटर पुरतो, त्याला तीसेक दाणे लागतात, तुटीसाठी दहा जास्त ठेवा. टोकांना काळी रिबीन. बाजूबंद आणि मुकुटासाठी पुठ्ठ्यावर काळं कापड चढवा आणि ही तयार माळ त्यावर टाक्यांनी बसवा. गोंद वापरला तर तो दागिना खायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. घामेजल्या बोटांनी पांढरा हलवा पिवळट दिसायला लागतो.

बाळाच्या अंगावर टाचणी, तार, काचेचा मणी काही नको. हार गळ्यात घातला की कुणीतरी एकाने फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, फोटो झाले की काढून घ्यायचा. बोरन्हाणात डोक्यावरून ओतलेली बोरं, शेंगदाणे, चुरमुरे, हलवा बाळाच्या तोंडात जायच्या आत मोठ्या मुलांना लुटू द्या, ती वाटच बघत असतात.

दागिने हवाबंद स्टीलच्या डब्यात ठेवले तर रथसप्तमीच्या हळदीकुंकवापर्यंत टिकतात. माझ्या भाचीचा मुकुट मी एका रात्रीपुरता ओट्यावर विसरले होते. सकाळी नुसता काळा पुठ्ठा आणि त्यावर दोऱ्याच्या रिकाम्या गाठी होत्या, एका ओळीत, आणि दुसरी ओळ खिडकीकडे निघालेली होती.